चुंबक

जुन्या स्पीकरमधून काढलेलं चुंबक,
धुवट रुमालात गुंडाळलेलं, रंगाला ओरखडा नको म्हणून.
दस्तगीर शिकलगार स्कूटर चालवतो, मी मागं.
उद्यमनगर ते बावडा, वाटेत एकच वाक्य:
"आधी पैशाचं बोलायचं न्हाई. आधी गाडीला बोलू दे."

शेडमध्ये शेणींच्या थप्पीला टेकून
काँटेसा.
चॉकलेटी. बॉनेटवर कोंबड्यांच्या नखांचे ओरखडे.
नाक एवढं लांब, की आत बसलं
तर पुढचं जग पाच फूट उशिरा सुरू व्हावं.
एक्क्याण्णव सालात ही गंगावेशीतून वळली
की धारोष्ण दूध पिणारे ग्लास ओठाशी धरून थांबायचे.
मी त्यातला एक. वय सतरा. मिशीवर फेस.

दस्तगीर रुमाल फिरवतो.
डावं दार: टक्. चिकटलं.
छप्पर: टक्.
उजवं मागचं मडगार्ड: काहीच नाही.
रुमाल घसरून खाली.
पुन्हा लावला. पुन्हा खाली.
"लांबी हाय. वीतभर लांबी. पत्रा गेला कवाच."
मग तो खाली शिरतो, पाय तेवढे बाहेर,
तळाला स्क्रूड्रायव्हर टोचतो,
आणि तपकिरी भुगा त्याच्या छातीवर,
चहाची पूड सांडावी तसा.
चुंबक दाराला लावून ठेवतो, रुमालानं हात पुसतो.

माझे वडील वडगावच्या बाजारात बैल बघायचे.
दात मोजायचे, खूर दाबायचे, चालवून बघायचे,
मग रुमालाखाली बोटं, भाव कुणाला ऐकू नाही.
एकदा सगळ्यांनी नको म्हटलेला खोडीचा बैल घेऊन आले.
का, विचारलं तर म्हणाले,
"बघत होता माझ्याकडं."
चौथ्या महिन्यात त्यानं त्यांची बरगडी मोडली.
विकला नाही.

हिशेब वहीत आहे.
मागणी साडेतीन लाख. पत्रा आणि रंग, आणखी लाख-सव्वा लाख.
कार्बोरेटरचं किट मिळालं तर पुण्यात, नाहीतर भंगारात.
पासिंग, आरटीओचे हेलपाटे,
लिटरला सात किलोमीटर, तेही उतार असेल तर.
आणि काल जेवण झाल्यावर
मी टेपनं आमची गल्ली मोजली. नऊ फूट दोन इंच.
गाडी पाच फूट सात.
"मग मोटारसायकली कुठं जाणार?" वरून हेमलता.
"आणि तुम्ही कुठं जाणार?"
दुसऱ्या प्रश्नाला टेप पुरेना.

राजमती मगदूम चहा घेऊन आल्या.
"सांगूनच टाकते. सासऱ्यांनी सरनोबतवाडीला ठोकलेली ही.
समोर ट्रक नव्हता, म्हैस नव्हती, काही नव्हतं.
दिसत नव्हतं त्यांना, आणि कबूल करत नव्हते.
नंतर रोज येऊन नुसते आत बसायचे.
चालू करायचे, बंद करायचे.
बॅटरी आम्ही अजून चार्ज करतो.
का ते विचारू नका."

दस्तगीरनं किल्ली फिरवली.
एक खोकला. दुसरा.
मग शेडचा पत्रा थरथरला,
शेणींवरची कोंबडी उडाली,
आणि ते आलं, खालून, पोटातून,
भट्टी पेटल्यावर तळपायाला कळतं तसलं.
तीस वर्षं फाउंड्रीत काढली मी.
पोकळ ओतकाम मला नुसत्या आवाजावर कळतं.
हे पोकळ नव्हतं.
दस्तगीरनं बॉनेटवर तळहात ठेवला,
म्हशीच्या पाठीवर ठेवतात तसा,
आणि काढायचा विसरला.

परत येताना न्यू पॅलेसच्या वळणावर
"घेऊ नगंस," म्हणाला. "चांगली न्हाई."
मग बराच वेळ गप्प.
"इंजिन तेवढं..."
आणि मागून कुणीतरी हॉर्न मारला.

गॅरेजात उतरून मी खिसे चाचपले.
रुमाल आहे, तेलानं काळा.
चुंबक नाही.
राहिलं डाव्या दारावर,
पत्रा खरा आहे तिथं.

"उद्या जाऊन आणतो," मी म्हणालो.
"चाळीस रुपयाला नवं मिळतंय," दस्तगीर म्हणाला,
आणि स्कूटरची किल्ली
माझ्या हातात दिली.